वाळूच्या डबीतलं राज्य: प्रशिया एवढं मोठं झालंच कसं?

फ्रान्स मोठा का झाला ते कळतं, जमीन सुपीक आणि माणसं भरपूर. इंग्लंडकडे समुद्र होता, ऑस्ट्रियाकडे जर्मन साम्राज्याचं सम्राटपद होतं आणि पिढ्यान्पिढ्या जुळवलेल्या सोयरिकींतून आलेली राज्यं होती. पण प्रशियाकडे काय होतं? वाळू. खरंच वाळू. बर्लिनच्या आजूबाजूचा जो ब्रांडेनबर्ग प्रांत, त्याला लोक चेष्टेने जर्मन साम्राज्याची वाळूची डबी म्हणायचे, म्हणजे कागदावरची शाई सुकवायला बारीक वाळू भुरभुरवायचे ना, ती डबी. जमीन हलकी, डोंगर नाही, मोठी खाण नाही, शत्रूला अडवेल असं काहीच नाही. आणि अशा जागेतून निघालेलं राज्य १७५६ ते १७६३ अशी सात वर्षं ऑस्ट्रिया, फ्रान्स, रशिया, स्वीडन सगळ्यांशी एकदम लढतं आणि शेवटी एक इंच जमीन न गमावता बाहेर पडतं. हे कसं झालं हा प्रश्न मला बरीच वर्षं डोक्यात होता.

याचं ठरलेलं उत्तर म्हणजे फ्रेडरिक द ग्रेट. जीनियस सेनापती, बासरी वाजवायचा, तत्त्वज्ञांना पत्रं लिहायचा वगैरे. ते खोटं नाहीये. पण जितकं वाचलं तितकं मला वाटायला लागलं की या गोष्टीतला खरा माणूस त्याचा बाप आहे, आणि खरं हत्यार तोफ नाही, खतावणी आहे. ते नीट सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आधी नावांचा घोळ. या होहेनझोलर्न घराण्यात नावं दोनच, फ्रेडरिक आणि फ्रेडरिक विल्यम, आलटून पालटून. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसंच. म्हणून मी त्यांना पणजोबा, आजोबा, बाप आणि मुलगा (म्हणजे फ्रेडरिक द ग्रेट) असंच म्हणतो, नाहीतर तुम्ही तिसऱ्या परिच्छेदात टॅब बंद कराल.

पणजोबा १६४० मध्ये गादीवर आला तेव्हा वीस वर्षांचा होता. तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, १६१८ ला सुरू झालेलं, आणि ब्रांडेनबर्गचं त्यात अक्षरशः पायपुसणं झालं होतं. स्वीडिश सैन्य यायचं, सम्राटाचं सैन्य यायचं, जो येईल तो धान्य उचलायचा, घरं जाळायचा आणि निघून जायचा. काही भागांत निम्म्याहून जास्त लोकसंख्या गेली. राजाकडे स्वतःचं सैन्य जेमतेम काही हजार आणि त्याचाही भरवसा नाही. त्यात राज्य तीन तुकड्यांत पसरलेलं. मध्ये ब्रांडेनबर्ग, पश्चिमेला ऱ्हाईन नदीजवळ क्लेव्ह आणि मार्क, आणि पार पूर्वेला बाल्टिक समुद्रावर कोनिग्सबर्गच्या आजूबाजूचा प्रशिया, जो तेव्हा पोलंडच्या राजाचा मांडलिक म्हणून सांभाळायचा. या तुकड्यांच्या मधे दुसऱ्यांची राज्यं. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर शेजाऱ्याच्या अंगणातून जायचं.

पणजोबाने यातून एक धडा घेतला की कायम पगारी सैन्य पाहिजे, युद्ध आलं की गोळा करायचं आणि संपलं की घरी पाठवायचं हे चालणार नाही. पण पैसा कुठून आणायचा? टॅक्स लावायला जमीनदारांच्या सभेची परवानगी लागायची. हे जमीनदार म्हणजे युंकर. १६५३ मध्ये त्याने त्यांच्याशी सौदा केला. युंकरांनी सहा वर्षांत मिळून ५,३०,००० थालर (तिथलं चांदीचं नाणं) द्यायचे, बदल्यात त्यांच्या गावातल्या कुळांवर त्यांचा हक्क पक्का, कोर्ट त्यांचं, वेठ त्यांची, राजा मधे पडणार नाही. सहा वर्षं संपली पण टॅक्स काही थांबला नाही, सभेने कुरकुर केली तर सैन्य होतंच वसुलीला. सैन्य टॅक्सवर पोसायचं आणि टॅक्स सैन्याकडून वसूल करायचा. एकदा हे चक्र फिरायला लागलं की थांबवणार कोण? बिल अर्थातच शेतकऱ्याने भरलं. ही गोष्ट सांगताना लोक ते विसरतात.

त्याच्या लढायांबद्दल फार लांबवत नाही. स्वीडन आणि पोलंडच्या भांडणात आधी स्वीडनच्या बाजूने लढला, मग बाजू बदलली, आणि १६५७ मध्ये पोलंडकडून प्रशियावरचं मांडलिकत्व काढून घेतलं. १६७५ मध्ये फेरबेलिनला स्वीडिश सैन्याला हरवलं. लढाई तशी छोटी, पण स्वीडन तेव्हा दादा होता, त्यामुळे नाव झालं. आणि १६७८-७९ च्या थंडीत त्याने शेतकऱ्यांच्या घसरगाड्या गोळा केल्या, सैनिक त्यात बसवले आणि गोठलेल्या खाडीवरून नेऊन स्वीडिश सैन्याला गाठलं. मेला तेव्हा, १६८८ मध्ये, त्याच्याकडे साधारण ३०,००० चं सैन्य होतं.

आजोबांनी लढाईपेक्षा मानपान जास्त बघितला. सम्राटाला स्पेनच्या वारसाच्या युद्धासाठी माणसं हवी होती, याने ८,००० सैनिक देऊ केले आणि बदल्यात राजा ही पदवी मागितली. १८ जानेवारी १७०१ ला कोनिग्सबर्गला स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्यावर मुकुट ठेवला. यात एक गंमत आहे. पदवी होती 'प्रशियामधला राजा', 'प्रशियाचा राजा' नाही. कारण पश्चिमेकडचा प्रशिया अजून पोलंडकडे होता, पोलंडला राग यायला नको. आणि मुकुट ब्रांडेनबर्गमध्ये का घातला नाही, तर ते सम्राटाच्या हद्दीत, तिथे नवीन राजा कसा चालेल. म्हणून हद्दीबाहेरच्या तुकड्याचं नाव सगळ्या राज्याला चिकटलं. 'मधला'चं 'चा' व्हायला १७७२ उजाडलं.

आता बाप. फ्रेडरिक विल्यम पहिला, १७१३ ते १७४०. माणूस म्हणून भयंकर. तापट, शिवराळ, हातात छडी, घरात मुलांना मारायचा आणि रस्त्यात रिकामटेकडा दिसला तर त्यालाही. कायम सैनिकी युनिफॉर्म घालून. उंच सैनिकांचं त्याला वेड होतं. पॉट्सडॅमला त्याने सहा फुटांच्या वरच्या माणसांची स्पेशल रेजिमेंट उभी केली, त्यासाठी युरोपभर एजंट फिरायचे, विकत घ्यायचे, कधी सरळ पळवून आणायचे. रशियाच्या पीटरला त्याने अंबरने (पिवळसर, चमकदार जुन्या राळेने) मढवलेली अख्खी खोली भेट दिली आणि तिकडून उंच सैनिक आले. हे किस्से सगळीकडे सापडतात आणि त्यामुळेच त्याला लोक विक्षिप्त म्हणून सोडून देतात.

पण याच माणसाने काय केलं बघा. गादीवर आल्या आल्या आजोबांचा दरबार मोडला, नोकर काढले, पगार कापले, महालातला ऐवज विकला. १७२३ मध्ये दोन वेगळी खाती एकत्र केली. एक खातं राजाच्या खासगी जमिनींच्या उत्पन्नाचं, दुसरं सैन्यासाठीच्या टॅक्सचं, आणि ही दोन खाती एकमेकांशी कोर्टकचेऱ्या करत बसायची, म्हणजे राजाचेच दोन वकील राजाच्याच पैशाने भांडतायत. त्याने दोन्ही मिळून एक कचेरी केली, एक हिशेब. किती येणार, किती जाणार, वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेलं. बाकीच्या युरोपात तेव्हा राजे युद्ध काढायचे आणि मग सावकार शोधायचे. हा उलटा, कर्ज शून्य. उत्पन्नातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग सैन्यावर आणि तरी मेला तेव्हा तिजोरीत ८० लाख थालर रोख शिल्लक. सैन्य साधारण ४०,००० वरून ८०,००० च्या वर गेलेलं. लोकसंख्या किती, तर फक्त २२ लाखांच्या आसपास. लोकसंख्येत युरोपात तेराव्या नंबरचं राज्य आणि सैन्यात तिसऱ्या-चौथ्या!

एवढी माणसं आणली कुठून? इथे १७३३ ची कांटोन पद्धत येते, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा हाच आहे.

आधी भरती म्हणजे जबरदस्ती होती. कॅप्टन गावात शिरणार, धडधाकट पोरं उचलणार. मग पोरं शेजारच्या राज्यात पळून जायची, शेतं ओस, टॅक्स बुडाला. बापाच्या लक्षात आलं की हा आपल्याच पायावर धोंडा आहे. मग त्याने राज्याचे भाग पाडले. प्रत्येक पायदळ रेजिमेंटला साधारण ५,००० चुली, घोडदळाच्या रेजिमेंटला १,८०० चुली. चूल म्हणजे घर, आपल्याकडे 'गावात किती उंबरे' म्हणतात तसं. त्या भागातला मुलगा मोठा होताना रेजिमेंटच्या वहीत नाव चढणार. वेळ आली की आधी पूर्ण ट्रेनिंग, आणि नंतर वर्षातले फक्त दोन-तीन महिने कवायत, बाकीचं वर्ष घरी, शेतावर. त्या काळात पगार नाही. म्हणजे सरकारचे पैसे वाचले, शेती चालू राहिली, आणि बोलावलं की तयार माणूस हजर. शिवाय एका गावातले लोक एकाच रेजिमेंटमध्ये, आणि बऱ्याचदा त्यांचा कॅप्टन म्हणजे त्याच भागातला युंकर जमीनदाराचा मुलगा. गावात मालक तोच, पलटणीत साहेब तोच.

हे दोन्ही बाजूंनी बघायला लागतं. हुशार सिस्टीम आहे यात शंका नाही, रेजिमेंटमध्ये शेजारीपाजारी असले की माणूस पळायला लाजतो. पण त्या पोराच्या बाजूने बघा, बारा महिने तेरा काळ सुटका नाही, नांगर धरला तरी त्याचंच आणि बंदूक धरली तरी त्याचीच. सूट कोणालाच नव्हती असंही नाही, शहरातले व्यापारी, कसबी कारागीर, शिकलेल्यांची मुलं, यांना माफी, कारण ते टॅक्स देतात, त्यांना मारून काय मिळणार. आणि सैन्यातला मोठा हिस्सा बाहेरच्या राज्यांतून पैसे देऊन किंवा फसवून आणलेला असायचा, म्हणजे आपला शेतकरी शक्य तितका शेतातच राहील.

प्रशियाबद्दल एक वाक्य कायम ऐकू येतं की इतर देशांकडे सैन्य असतं, इथे सैन्याकडे देश आहे. ऐकायला भारी आहे, पण मला ते अर्धवट वाटतं. देश आणि सैन्य दोघांची मिळून एकच खतावणी होती, असं म्हटलं तर जास्त बरोबर.

आता कवायत. आजच्या डोक्याने बघितलं तर ते सरळ रांगेत उभं राहून गोळ्या खाणं वेडेपणा वाटतो. पण तेव्हाची बंदूक म्हणजे ठासणीची, चकमकीची. नळी आतून गुळगुळीत, गोळी कुठे जाईल याचा नेम नाही. एकट्याने नेम धरून मारण्यात अर्थ नव्हता, शंभर जणांनी एकदम मारलं तर काहीतरी लागणार. त्यामुळे प्रश्न दोनच उरतात. मिनिटाला किती बार काढता, आणि समोरून गोळ्या येताना रांग तुटते की टिकते. बापाचा दोस्त आणि सेनापती, देसाऊचा लिओपोल्ड, याने दोन्हीवर वर्षानुवर्षं काम केलं. ठासायचा गज लाकडाचा असायचा, घाईत मोडायचा, मोडला की बंदूक म्हणजे नुसती काठी. याने लोखंडाचा गज आणला. तालावर एकत्र पाऊल टाकून चालणं आणलं, त्यामुळे रांगा जवळ जवळ ठेवता आल्या आणि चालता चालता वळवता आल्या. बघायला संचलन, पण त्याचा उपयोग पुढे येईल, तो लक्षात ठेवा. कवायतीच्या मैदानावर प्रशियन सैनिक मिनिटाला तीन बार काढायचा. लढाईच्या धुरात तेवढं नाही जमायचं, पण समोरच्यापेक्षा जास्तच.

आणि शिस्तीची दुसरी बाजू म्हणजे भीती. चूक झाली तर दोन रांगांमधून उघड्या अंगाने चालायचं आणि दोन्हीकडून छड्या. पळून जाणारे इतके की फ्रेडरिकने पुढे आपल्या सेनापतींसाठी सूचना लिहिल्या त्याची सुरुवातच सैनिक पळू नयेत म्हणून काय करावं यापासून आहे. जंगलाजवळ तळ टाकू नका, रात्रीचं कूच शक्यतो टाळा. शत्रू नंतर!

बापाने स्वतः हे सैन्य फारसं वापरलंच नाही. १७१५ मध्ये स्वीडनविरुद्ध उतरला, त्यातून श्टेटिन बंदर मिळालं, बस. इतकं जपून उभं केलेलं सैन्य लढाईत खराब होईल असंच वाटत असावं त्याला, घरात नवा डिनर सेट आणून कपाटात ठेवतात तसं.

आणि त्याचं आणि मुलाचं अजिबात पटायचं नाही. मुलाला बासरी, फ्रेंच पुस्तकं, भरजरी कपडे, बापाला हे सगळं बायकी वाटायचं. १७३० मध्ये अठरा वर्षांच्या मुलाने पळून जायचा प्लॅन केला, पकडला गेला. साथीदार होता त्याचा मित्र काटे, सैन्यातला लेफ्टनंट. लष्करी कोर्टाने काटेला जन्मठेप दिली होती, बापाने ती बदलून मृत्युदंड केला आणि क्यूस्ट्रिनच्या किल्ल्यात, मुलगा कैदेत असताना, तिथेच काटेचं डोकं उडवलं.

तर असा हा मुलगा २८ व्या वर्षी, १७४० मध्ये, राजा झाला. सगळ्यांना वाटलं आता तत्त्वज्ञ राजा आला. त्याने मॅकियाव्हेलीच्या विरोधात, राजाने नीतीने वागावं असं एक पुस्तकही लिहिलं होतं, ते त्याच वर्षी छापून आलं. ऑक्टोबरमध्ये सम्राट सहावा चार्ल्स वारला. त्याला मुलगा नव्हता, मुलगी मारिया तेरेसा, वय २३, आणि तिचा वारसा मान्य करू म्हणून बहुतेक राजांनी तिच्या बापाला शब्द दिलेला. १६ डिसेंबरला फ्रेडरिक सैन्य घेऊन तिच्या सायलेशिया प्रांतात घुसला. नीतीचं पुस्तक बाजारात, लेखक शेजारणीच्या शेतात.

सायलेशिया का? कारण तिथे ते सगळं होतं जे वाळूच्या डबीत नव्हतं. ओडर नदीचा सुपीक काठ, कापडाचा धंदा, खाणी, दहा लाखांच्या वर माणसं. एक प्रांत घेतला की राज्य जवळपास दीडपट. आणि सैन्य तयार, तिजोरी भरलेली, समोर नवखी राणी. कोणाला मोह होणार नाही?

पहिली लढाई मोलविट्झ, १० एप्रिल १७४१. ऑस्ट्रियन घोडदळाने प्रशियन घोडदळाची पार दाणादाण उडवली. सेनापती श्वेरिनने राजाला म्हटलं, महाराज, तुम्ही निघा. आणि राजा निघाला! रात्रभर घोडा दामटत होता आणि मागे त्याचं पायदळ लढाई जिंकत होतं. बापाने पंचवीस वर्षं घोकून घेतलेली कवायत होती ती, घोडदळ पळालं, राजा पळाला, पण पायदळाच्या रांगा काही हलल्या नाहीत, भरा-मारा, भरा-मारा. मी वर म्हणालो ना खरा माणूस बाप, त्याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही. फ्रेडरिक ही लाज आयुष्यभर विसरला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. घोडदळही त्याने मग नव्याने घडवलं.

१७४५ पर्यंत दोन युद्धं झाली आणि सायलेशिया त्याच्याकडे राहिला. पण मारिया तेरेसा विसरणारी बाई नव्हती. तिच्या काउनिट्झ नावाच्या मंत्र्याने अशक्य वाटणारी गोष्ट केली, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स, अडीचशे वर्षांचे वैरी, १७५६ मध्ये मित्र झाले. रशिया आधीच ऑस्ट्रियाच्या बाजूने. फ्रेडरिककडे फक्त इंग्लंड, आणि ते लंडनहून पैसे पाठवणार, सैन्य फारसं नाही. मग त्याने वाट बघण्यापेक्षा आपणच आधी सुरुवात करू म्हणून ऑगस्टमध्ये मधल्या सॅक्सनीवर झडप घातली. सॅक्सनीच्या सैन्याला वेढलं, शरण आणलं आणि सगळ्याच्या सगळ्या सैनिकांना प्रशियन युनिफॉर्म घालायला लावला. ते अर्थातच पहिली संधी मिळाली की थव्याथव्याने पळाले.

१७५७ चं वर्ष म्हणजे झोपाळा. मे मध्ये प्रागजवळ जिंकला, पण श्वेरिन मारला गेला. जूनमध्ये कोलीनला सपाटून हरला. शरद ऋतूत पश्चिमेकडून फ्रेंच, पूर्वेकडून ऑस्ट्रियन, सगळे म्हणतायत संपलं. ५ नोव्हेंबरला रोसबाखला त्याच्याकडे २२,००० आणि समोर फ्रेंच आणि साम्राज्याचे मिळून ४१,००० च्या आसपास. ते त्याला वळसा घालायला निघाले, तो पळतोय असं समजून निवांत चालले होते, आणि फ्रेडरिकच्या झायडलिट्झ या सेनापतीचं घोडदळ टेकडीआडून त्यांच्या तोंडावरच आलं. दीड तासात खेळ खल्लास. प्रशियाचे साडेपाचशेच्या आसपास मेले-जखमी झाले, समोरचे कैदी धरून दहा हजार गेले.

मग तिथून सायलेशियाकडे, पंधरा-सोळा दिवसांत पावणेतीनशे किलोमीटर, नोव्हेंबरच्या चिखलात. तिथे लॉयथन नावाच्या गावाजवळ ऑस्ट्रियन सैन्य, ६५,०००. याच्याकडे ३५,००० च्या आसपास. लढाईआधी त्याने अधिकाऱ्यांना सांगितलं की ज्याला जायचंय त्याने आत्ता जा, आणि जी घोडदळाची रेजिमेंट हुकूम मिळाल्यावर तुटून पडणार नाही तिचे घोडे काढून घेईन.

५ डिसेंबर १७५७. ऑस्ट्रियन रांग उत्तर-दक्षिण, जवळजवळ आठ किलोमीटर लांब. फ्रेडरिकने उत्तरेकडे असा देखावा केला की हल्ला तिकडेच येतोय, ऑस्ट्रियन सेनापतीने राखीव फौज तिकडे हलवली. आणि मुख्य प्रशियन सैन्य छोट्या टेकड्यांच्या आडोशाने दक्षिणेकडे चालत गेलं. हा मुलूख त्याला पाठ होता, शांततेच्या काळात त्याने इथेच सराव घेतले होते. मग दोन लांब ओळींत चालणारं सैन्य एका हुकमावर वळलं आणि चालण्याच्या ओळीची लढाईची रांग झाली, ऑस्ट्रियन रांगेच्या बरोबर डाव्या टोकावर, तिरकी. रांगेच्या टोकाला हल्ला झाला की बाकीची आठ किलोमीटरची रांग बघत बसते, तिच्या बंदुका दुसरीकडे तोंड करून. जिथे लढाई चाललीय तिथे मूठभर ऑस्ट्रियन आणि अख्खं प्रशिया. तालावर पाऊल टाकण्याचा उपयोग हा. दुसरं कुठलंही सैन्य असतं तर त्या वळणातच गोंधळ झाला असता. ऑस्ट्रियाचे सुमारे २२,००० गेले, त्यातले १२,००० कैदी. प्रशियाचेही सहा हजारांवर गेले, स्वस्तात काही मिळालं नाही. ते गाव आज पोलंडमध्ये आहे, नाव लुतिन्या.

पण लॉयथनवर थांबलं की खोटं चित्र उभं राहतं. कारण पुढची पाच वर्षं तो हळूहळू हरतच होता. १७५८ मध्ये झोर्नडॉर्फला रशियन सैन्य जागच्या जागी उभं राहून मरत होतं पण मागे हटत नव्हतं, तिथे त्याला कळलं की प्रत्येक सैन्य रोसबाखचं नसतं. आणि १२ ऑगस्ट १७५९, कुनर्सडॉर्फ. रशियन आणि ऑस्ट्रियन एकत्र, टेकड्यांवर खंदक खणून बसलेले, याच्याकडे ५०,०००. सकाळी हल्ला चांगला गेला, तिथे थांबला असता तर ठीक होतं, पण नाही, अजून एक टेकडी, अजून एक. दिवसाच्या शेवटी १९,००० सैनिक गेले आणि उरलेले पांगले. त्याच्याखालचे दोन घोडे मारले गेले, कॅप्टन प्रिटविट्झ आणि त्याच्या स्वारांनी ओढून काढला नाहीतर पकडलाच जाणार होता. त्या रात्री त्याने बर्लिनला आपल्या मंत्र्याला लिहिलं की ४८,००० पैकी माझ्याकडे ३,०००ही उरले नाहीत आणि आता मला जगायचं नाही.

बर्लिन उघडं पडलं होतं. आणि शत्रू आलेच नाहीत! रशियन म्हणाले आमचीही माणसं खूप मेली, आता ऑस्ट्रियाने पुढे व्हावं, ऑस्ट्रियन म्हणाले तुम्ही व्हा. पहले आप, पहले आप करत दोघं वेगवेगळ्या दिशांना गेले. फ्रेडरिकने भावाला लिहिलेल्या पत्रात याला ब्रांडेनबर्ग घराण्याचा चमत्कार म्हटलंय.

याच वेळी आपल्याकडे काय चाललं होतं? हे तेच युद्ध आहे ज्यात इंग्रज आणि फ्रेंच दक्षिण भारतात भांडत होते. निजामाच्या दरबारात बसलेल्या ब्युसी या आपल्या सेनापतीला फ्रेंचांनी १७५८ मध्ये माघारी बोलावलं, आणि त्याच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी पुढे पेशव्यांकडे आला. उदगीरला, १७६० मध्ये, भाऊसाहेबांसाठी निजामाविरुद्ध लढला, आणि १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर. मला कायम वाटतं की गारद्यांची पलटण एकटी काय करणार, मोलविट्झच्या रांगांमागे पंचवीस वर्षांची कवायत, चुलींची वही आणि वेळेवर पगार होता. आपल्याकडे पलटण आली, वही आली नाही. पण हा विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

तिकडे १७६० पासून फ्रेडरिकचं सगळं आटत चाललं होतं. ऑक्टोबरमध्ये रशियन आणि ऑस्ट्रियन तुकड्या बर्लिनमध्ये शिरून खंडणी घेऊन गेल्या. जुने कवायत केलेले सैनिक मेले, आता पोरसवदा रिक्रूट आणि पकडलेले कैदी. पैशांसाठी इंग्लंडची मदत, वर्षाला ६,७०,००० पौंड, सॅक्सनीतून जबरदस्तीची वसुली, आणि तिसरा उपाय म्हणजे खोटी नाणी. सॅक्सनीचे ठसे हाती लागले होतेच, कमी चांदीची नाणी पाडली आणि शेजारच्या पोलंडमध्ये वगैरे खपवली. ज्याच्या बापाने कर्ज शून्य ठेवलं त्याचा मुलगा नाण्यात भेसळ करतोय. १७६१ च्या शेवटी इंग्लंडमध्ये सरकार बदललेलं, पैसा थांबायच्या बेतात, अर्धा सायलेशिया गेलेला.

आणि ५ जानेवारी १७६२ ला रशियाची महाराणी एलिझाबेथ वारली. तिच्या जागी आला तिसरा पीटर, फ्रेडरिकचा आंधळा भक्त. मे मध्ये त्याने तह केला, जिंकलेलं सगळं परत दिलं आणि वर मदतीला चेर्निशेव्ह नावाच्या सेनापतीची फौज पाठवली. जुलैमध्ये पीटरच्या बायकोने, म्हणजे कॅथरीनने, त्यालाच गादीवरून काढलं आणि फौज परत बोलावली. तेव्हा फ्रेडरिकने चेर्निशेव्हला गळ घातली की बाबा, लढू नकोस, फक्त तीन दिवस इथेच उभा राहा. तो राहिला, ऑस्ट्रियनांना वाटलं रशियन अजून याच्याच बाजूने आहेत, त्यांना अडवायला त्यांनी तिकडे सैन्य गुंतवलं, आणि फ्रेडरिकने बुर्कर्सडॉर्फ जिंकलं. नशीब लागतंच, पण आलेलं नशीब तीन दिवस धरून ठेवायची अक्कलही लागते, एवढं श्रेय मुलाला.

१५ फेब्रुवारी १७६३ ला हुबर्टुसबुर्गचा तह झाला. नकाशा काय बदलला? काहीच नाही. १७५६ ला जे ज्याचं होतं ते त्याचं. फ्रेडरिकच्या स्वतःच्या हिशेबाने त्याचे १,८०,००० सैनिक गेले, आणि जे गेले त्यात कांटोनच्या वहीतली पोरं किती असतील त्याचा विचार करा. युद्धानंतर त्याने सैन्याचे घोडे आणि कोठारातलं धान्य शेतकऱ्यांना वाटलं, नाहीतर पेरणी झाली नसती. पुढची तेवीस वर्षं तो जवळपास बापासारखाच झाला. चिकट, कुरकुरा, त्याच जुन्या, तपकिरीचे डाग पडलेल्या निळ्या कोटात, दलदली बुजवतोय, बटाटा लावा म्हणून शेतकऱ्यांच्या मागे लागतोय, आणि तिजोरी पुन्हा भरतोय.

मेला १७८६ मध्ये. बरोबर वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १८०६ ला, येना आणि आउअरश्टेट इथे एकाच दिवशी नेपोलियनने आणि त्याच्या सेनापतीने प्रशियाचं सैन्य मोडून काढलं. सैन्य कवायत अगदी लॉयथनसारखीच करत होतं, तीच पावलं. समोरचे फ्रेंच मात्र झाडांच्या, भिंतींच्या आडून सुटे सुटे लढत होते, आणि त्यांना पळून जाऊ नये म्हणून कोणी जंगलापासून लांब ठेवायची गरज नव्हती. त्यानंतर नेपोलियन पॉट्सडॅमला आला, फ्रेडरिकची कबर बघितली आणि जाताना त्याची तलवार पॅरिसला घेऊन गेला. कबर होती चर्चखालच्या तळघरात. स्वतःच्या महालाच्या बागेत, लाडक्या कुत्र्यांशेजारी पुरा असं फ्रेडरिकने लिहून ठेवलं होतं, ते कोणी ऐकलं नव्हतं. त्याला ठेवलं होतं बापाच्या शेजारी.